ईशान्य मोसमात कुंडीतील चिलटांचा बंदोबस्त

महाराष्ट्रात कार्तिक लागतो तेव्हा पावसाने बहुधा निरोप घेतलेला असतो. चेन्नईत मात्र त्याच सुमारास ईशान्य मोसमाचा अंमल सुरू असतो, आणि वर्षाकाठी या नगरीत पडणाऱ्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतच कोसळतो. त्यामुळे येथील मराठी कुटुंबांनी गावाकडच्या सवयीने तुळशीविवाहापूर्वी वृंदावनात नवे शेणखत घालून रोज तांब्याभर पाणी ओतले, की थोड्याच आठवड्यांत मातीवरून काळसर चिलटे उडू लागतात. या उपद्रवाचे मूळ ओलाव्यात आहे. म्हणून त्याचा मुख्य इलाजही माती सुकू देणे हाच होय.

हे चिलट डासासारखे नाजूक, दोन-तीन मिलिमीटर लांबीचे असून चावत नाही. आठवड्याभराच्या आयुष्यात मादी ओल्या मातीत शंभराहून अधिक अंडी घालते. त्यांतून निघणारी अळी पांढुरकी, पारदर्शक व काळ्या चकचकीत डोक्याची असते. मातीच्या वरच्या दोन इंचांत राहून ती बुरशी व कुजके द्रव्य खाते आणि कोवळ्या मुळांनाही कुरतडते. मोठे रोप हा जाच सोसते, परंतु बियांपासून उगवलेली रोपे व नुकतीच लावलेली छाटकलमे मान टाकतात. अळीची खात्री करावयाची असल्यास बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवावी व दोन-तीन दिवसांनी उलटून पाहावी.

अंड्यापासून उडत्या चिलटापर्यंत सुमारे तीन ते चार आठवडे जातात, आणि एकाच कुंडीत सर्व अवस्था एकत्र नांदतात. सबब एकदाच केलेला उपचार पुरत नाही. कुंड्या पागोळ्यांपासून दूर सरकवाव्यात, बशीत साचलेले पाणी त्याच दिवशी ओतून द्यावे, आणि दोन इंच खोल बोट घालून माती कोरडी लागेपर्यंत पाणी देऊ नये. पिवळे चिकट सापळे उडती चिलटे धरतात. अळ्यांसाठी डासनिर्मूलनातही वापरले जाणारे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हे जिवाणू-औषध वेष्टनावरील प्रमाणात पाण्यात मिसळून, दर आठवड्यास एकदा याप्रमाणे चार आठवडे, मातीत ओतावे. निंबोळी पेंड मातीत मिसळावी. ती वर पसरल्यास दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते व अळ्यांना आयतेच अन्न मिळते.

मातीच्या निवडीतही हाच विवेक हवा. नुसती लाल माती भिजली की घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. तमिळनाडूतील पोळ्ळाच्चीच्या परिसरात नारळाच्या सोडणापासून विपुल तयार होणारे कोकोपीट हलके खरे, पण त्याचा पृष्ठभाग फिकट व कोरडा दिसत असताना आत भरपूर पाणी असते. शिवाय त्यात क्षार असल्याने ते वापरण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांनी धुवावे. घरातील पानशोभेच्या झाडांसाठी दोन भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग पूर्ण मुरलेले गांडूळखत व एक भाग जाड वाळू किंवा पर्लाइट असे मिश्रण करावे. तुळशीसाठी कोकोपीटच्या जागी लाल माती घ्यावी. समुद्राची वाळू खारट असल्याने वर्ज्य समजावी. अर्धवट कुजलेले शेणखत या हंगामात मुळीच घालू नये.

नवे रोप आणल्यास ते चार आठवडे इतर कुंड्यांपासून वेगळे ठेवावे, म्हणजे त्यातील अंड्यांचा हिशेब आपोआप समोर येतो. जुनी माती पुन्हा वापरावयाची असल्यास ती मे महिन्यासाठी राखून ठेवावी. येथे अग्निनक्षत्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या दिवसांतील कडक उन्हापासून ती किंचित ओलवून, पारदर्शक प्लास्टिकात घट्ट गुंडाळून चार ते सहा आठवडे ठेवल्यास अळ्या व बुरशी दोहोंचाही बराचसा नाश होतो.

तूर्त, पाऊस ओसरेपर्यंत, तुळशीला रोज पाणी घालण्याचा नेम ज्यांना मोडवत नाही त्यांनी तांब्या बाजूला ठेवून देवघरातील पळी हाती घ्यावी; पळीभर पाण्याने नेमही राहील आणि मुळेही वाचतील.