जुनी गाडी घेताना : इंजिन गार असताना बघा, तापल्यावरही बघा



बऱ्याच गटांच्या सभेत सध्या एक विषय निघतोय. माल बाजाराला न्यायला दर आठवड्याला टेम्पोचं भाडं जातं, त्यापेक्षा गटानेच एखादी जुनी गाडी घ्यावी का? विचार चांगला आहे. अडचण एवढीच, की गाडी दाखवणारा माणूस सोबत आलेल्या दादांशीच बोलतो आणि कर्जाच्या कागदावर सही मात्र आपली असते. इंजिनचं काम निघालं तर गाडी गॅरेजला उभी राहते, बँकेचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून या अंकातला धडा इंजिनचा.

उदाहरणाला ओम्नी घेऊ. ती १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली आणि २०१९ मध्ये बनायची बंद झाली. म्हणजे आज विकायला येणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. तिचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पुढच्या सीटखाली असतं. इतर पेट्रोल गाड्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

इंजिन किती तापायला हवं?

पेट्रोल जळतं म्हणजे इंजिन तापणारच, आणि ते ठरावीक तापलं तरच नीट चालतं. इंजिनातून कूलंट फिरतं, उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जातं, वाऱ्याने गार होऊन परत येतं. त्याला फिरवतो तो वॉटर पंप. गाडी उभी असताना वारा लागत नाही, तेव्हा रेडिएटरचा पंखा सुरू होतो. थर्मोस्टॅट म्हणजे वाटेतलं दार. इंजिन गार असताना ते बंद असतं आणि साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतं.

रेडिएटरचं झाकण आपल्या कुकरसारखं काम करतं. आत दाब धरला जातो, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या पुढे तापलं तरी लगेच उकळत नाही. शिट्टी झाल्याबरोबर आपण कुकर उघडतो का? तसंच तापलेल्या गाडीचं हे झाकण कधीही उघडायचं नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

पहिली तपासणी : गार इंजिन

विक्रेत्याला आधीच सांगा, “आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.” गेल्यावर सीट उचलून इंजिनजवळ हात न्या. ऊब लागली तर समजा गाडी आधी तापवून ठेवली आहे. चहा घ्या, परत या, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

१. ऑइल बघा. गाडी सपाट जागी हवी, इंजिन बंद. डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण घाला आणि काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावं. काळं असेल तर घाबरू नका, वापरून ते काळं होतंच. पण दुधाच्या चहासारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय. ती गाडी तिथेच सोडा.

२. कूलंट बघा. इंजिन पूर्ण गार असतानाच झाकण काढा. हिरवं, लाल किंवा निळं स्वच्छ कूलंट चांगलं. गंजाचं तपकिरी पाणी असेल तर साधं पाणी घालून गाडी चालवली आहे. बोअरच्या पाण्याने हंड्याला आतून जसा थर चढतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. वर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटची शंका घ्या. आणि एक लक्षात ठेवा, कूलंट गोडसर पण विषारी असतं. सांडलं तर लेकरं, कुत्री, जनावरं यांच्यापासून जपा.

३. आता चालू करा. ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. एक जण मागे सायलेन्सरजवळ, जरा बाजूला उभी राहा आणि धूर बघा. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ येते, ती थोड्या वेळात जाते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला तर आत कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खाते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. काळ्या धुराची दुरुस्ती बहुतेक वेळा सोपी असते, निळ्या-पांढऱ्याची महागात जाते.

दुसरी तपासणी : तापलेलं इंजिन

डॅशबोर्डवर तापमानाचा काटा असतो. खाली ‘सी’ म्हणजे गार, वर ‘एच’ म्हणजे गरम. (काही नव्या गाड्यांना काटा नसून नुसता दिवा असतो.) काटा हळूहळू चढून मधल्या खुणेच्या आसपास यावा आणि तिथेच थांबावा. निदान अर्धा तास गाडी चालवा, त्यात एखादा चढ असू द्या. मग गाडी उभी करून इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. पंखा आपोआप सुरू होऊन बंद झाला पाहिजे.

काटा कधी हलतो त्यावरून दोष ओळखता येतो :

• उभ्या गाडीत चढतो, चालू लागली की उतरतो : पंखा, त्याचा फ्यूज किंवा वायरिंग बघा.

• चढावर किंवा वेगात चढतो, हळू चालवली की उतरतो : रेडिएटर तुंबलेला, कूलंट कमी किंवा वॉटर पंप कमजोर.

• चालू केल्यावर थोड्याच वेळात वर पळतो : कूलंट फार कमी किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला.

• खाली-वर उड्या मारतो : कूलंटमध्ये हवा अडकलीय किंवा काट्याची वायर सैल आहे.

• वर येतच नाही : हे विक्रेता गुण म्हणून सांगेल, “गाडी तापतच नाही, ताई!” पण बऱ्याचदा तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. इंजिन कायम गार राहिलं तर पेट्रोल जास्त लागतं आणि झीजही वाढते. कधी काट्याची वायरच काढलेली असते. थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे मेकॅनिककडून बघून घ्या.

गाडी बंद केल्यावर खाली पुठ्ठा सरकवा आणि दहा मिनिटांनी थेंब पडलेत का बघा. नंतर पुन्हा चालू करा. तापलेली गाडी पटकन चालू होत नसेल तर तेही वहीत लिहा.

स्वस्त काय, महाग काय?

काटा थोडा वर राहतो म्हणजे इंजिन गेलंच असं नाही. कूलंट, होज पाइप, झाकण, थर्मोस्टॅट, पंख्याचा फ्यूज ही तुलनेने स्वस्त कामं. मेकॅनिकला याच क्रमाने, स्वस्तापासून महागाकडे बघायला सांगा. पण कूलंट सारखं कमी होतंय आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर हेड गॅस्केटची शक्यता मोठी. तिथे हेड उघडावं लागतं. सौदा करण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्या. तिन्ही सिलिंडरचा दाब जवळपास सारखा यायला हवा. दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या, किमतीची घासाघीस त्या कागदावरून करा.

रस्त्यात काटा लाल खुणेकडे गेला तर

“बाजार पाचच किलोमीटरवर आहे, जाऊ तसंच,” असं म्हणू नका. त्या पाच किलोमीटरमध्ये हेड वाकतं. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, निदान अर्धा तास थांबा. झाकणाला हात लावू नका, तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यावर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. माल पोहोचायला उशीर झाला तर एका बाजाराचं नुकसान होईल, इंजिन गेलं तर वर्षभराच्या हप्त्यांचं ओझं होईल.

गटासाठी काम

गाडी बघायला तिघींनी जावं. एकीने सीटवर बसून काटा बघावा, दुसरीने धूर आणि थेंब बघावेत, तिसरीने वेळेसह सगळं वहीत लिहावं. प्रश्न विचारताना विक्रेता दुसरीकडे बघून बोलला तरी उत्तर आपल्या वहीत आलं पाहिजे. तो अहवाल मासिक सभेत वाचून दाखवा आणि मगच ठराव करा. बयाणा त्याआधी देऊ नका. आरसी, विमा, पीयूसी, जुन्या कर्जाचा बोजा आणि मालवाहतुकीची परवानगी ही कागदंही त्याच सभेत तपासा.

तोपर्यंत एक सराव करा. गावातल्या कुणाच्याही गाडीची सकाळी परवानगी घेऊन डिपस्टिक काढून बघा. एकदा हाताने केलं की पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही.