शनिवारी लेकाला मैदानावर ने

अगं, परवा आयर्लंडहून फोनवर तू म्हणालीस ना, "ताई, शाळेतली निम्मी मुलं शनिवारी हर्लिंगला जातात, आमच्यानेही हट्ट धरलाय, पण ती लाकडी काठी बघूनच माझ्या पोटात गोळा येतो." तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, आता निवांत सांगते. पाठव. बिनघोर पाठव. आणि पाठवताना एकच गोष्ट मनाशी धर: पाचव्या-सहाव्या वर्षी मुलाने तिथून मजा लुटून यायची. बाकी सगळं मागाहून आपोआप येतं.

आधी तुझी काठीची भीती काढू. हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ; त्याच्या काठीला हर्ली म्हणतात. ॲश झाडाचा बुंधा जिथे मुळांकडे वळतो, तिथल्या लाकडातून ती घडवतात; म्हणजे लाकडाच्या रेषा हर्लीच्या बाकाबरोबरच वळतात आणि ती चिवट होते. पुढे जाळी असलेलं हेल्मेट सक्तीचं आहे, त्याशिवाय मुलाला मैदानात उतरू देत नाहीत. छोट्यांचा चेंडूही मोठ्यांच्या स्लिटरपेक्षा मऊ आणि हलका असतो. तिथल्याच दुसऱ्या खेळाला, गेलिक फुटबॉलला पाठवलंस तर हेल्मेट लागत नाही, दातांना गमशील्ड मात्र हवंच.

लगेच दुकानात धावू नकोस. नव्याने येणाऱ्यांसाठी बऱ्याच क्लबांकडे हर्ली आणि हेल्मेटं ठेवलेली असतात, आधी विचार. विकत घेशील तेव्हा लेकाला सरळ उभं कर आणि हर्ली त्याच्या पायाशेजारी टेकव. तिचं वरचं टोक कमरेच्या हाडापाशी आलं पाहिजे. "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून मोठी घेण्याचा मोह टाळ. जड हर्लीने मुलाचा हात भरून येतो, चेंडू लागत नाही आणि ते हिरमुसतं.

आपल्याकडची मुलं क्रिकेटच्या बॅटवर वाढलेली. उजव्या हाताचा मुलगा बॅट धरताना डावा हात वर ठेवतो आणि उजवा खाली. हर्लीचं उलटं आहे. ज्या हातात जोर, तो वर. त्याच हातात हर्ली घेऊन पळायचं, दुसरा हात चेंडू झेलायला मोकळा. चेंडू मारताना तेवढा तो जोडीला येतो. तुझ्या लेकाचे हात सवयीने अदलाबदल करतीलच. करू देत. शिकवणारे न चिडता पुन्हा सरळ करतील.

खरी गंमत आहे चेंडू उचलण्यात. जमिनीवरचा चेंडू हाताने उचलायचा नाही. हर्लीचं पातं चेंडूवर ठेवायचं, तो हलकेच आपल्याकडे ओढायचा, घरंगळू लागला की झटकन पातं त्याच्याखाली सरकवायचं आणि वर उडवून हातात घ्यायचा. मोठे खेळाडू हे पापणी लवायच्या आत करतात. लहानगं मात्र गवतावर ओणवं होऊन, जिभेचं टोक बाहेर काढून, पुन:पुन्हा करत बसतं. चेंडू निसटतो, भलत्याच्याच पायात जातो, ते मागे पळतं. आणि मग कधीतरी तो पात्यावर चढतो. त्या क्षणी मूल सगळ्यात आधी आईला शोधतं. तेव्हा तुझी मान फोनमध्ये नसावी, एवढं माझं ऐक.

"बाकीची मुलं आधीपासून खेळतात, हा मागे पडेल" ही तुझी दुसरी काळजी. त्याची सोय या खेळांनी आधीच करून ठेवली आहे. लहानांसाठी गो गेम्स नावाची पद्धत आहे. मोठ्यांच्या संघात 15 जण असतात. इथे मैदानही लहान आणि संघही लहान, म्हणजे चेंडू प्रत्येकाच्या वाट्याला येतो. प्रत्येक मुलाला पूर्ण वेळ खेळायला मिळतं, कुणालाही बाकावर बसवून ठेवत नाहीत. गुणतालिका नाही, करंडकासाठी झुंज नाही. म्हणून तूही बाजूला उभं राहून "मार, पळ, अरे तिकडे!" असं ओरडू नकोस. त्याला शिकवणाऱ्याचा आवाज ऐकू येऊ दे. घरी परतताना "किती गोल केलेस?" असं विचारण्यापेक्षा "मजा आली का? कुणाबरोबर खेळलास?" असं विचार. बघ, घर येईपर्यंत तोंड बंद होणार नाही त्याचं.

धाकटीलाही ने गं. अगदी लहान वयात मुलं-मुली बऱ्याच ठिकाणी एकत्रच खेळतात. बायकांच्या हर्लिंगला कमोगी म्हणतात, तिची संघटना 1904 पासून आहे; बायकांच्या गेलिक फुटबॉलची 1974 पासून. 2018 साली युनेस्कोने जगाचा अमूर्त वारसा म्हणून हर्लिंगची नोंद केली, त्यात कमोगीही आहे.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. हे खेळ चालवणारी जीएए ही संघटना 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरीतल्या थर्लस गावी, एका हॉटेलात जमलेल्या मोजक्या मंडळींनी मायकल क्यूसॅक यांच्या पुढाकाराने काढली. आजही तिचे खेळाडू खेळण्याचा पगार घेत नाहीत. डब्लिनच्या क्रोक पार्कात 80,000 हून जास्त प्रेक्षकांसमोर ऑल-आयर्लंड स्पर्धेचा अंतिम सामना खेळणारा माणूस एरवी कुठे शाळेत शिकवत असतो, कुठे शेती बघत असतो. तुझ्या लेकाला शिकवणारेही बहुतेक त्याच्या वर्गातल्या मुलांचे आई-बाबाच असतील, फुकट वेळ देणारे. पण म्हणून कुणीही उठून शिकवायला उभं राहत नाही: पोलिसांकडून पार्श्वभूमीची तपासणी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण झाल्यावरच मुलांपाशी येता येतं.

क्लब असतो त्या-त्या परिसराचा. शाळेतली, गल्लीतली तीच मुलं मैदानावर भेटतात. परक्या देशात माणसं जोडायला तुला याहून सोपी वाट मिळायची नाही. कुणी म्हणालं, "जरा शंकू मांडायला येतेस?" तर हो म्हण. खेळाचे नियम येत नाहीत म्हणून मागे राहू नकोस. बुटांच्या नाड्या बांधायला, पाणी द्यायला, नाक पुसायला आईचे दोन हात पुरतात. उन्हाळी सुट्टीत 6 ते 13 वर्षांच्या मुलांसाठी कूल कॅम्प नावाची खेळाची शिबिरं भरतात, तोवर तुझ्याही ओळखी होतील.

पावसाची सबब सांगू नकोस. तिथे रिमझिम पावसात खेळ थांबत नाही. गाडीत जुना टॉवेल, कोरडे मोजे आणि कपड्यांचा एक जोड ठेव. चिखल धुऊन निघतो.

आणि पहिल्या दिवशी तो तुझा हात सोडेना, तर रागावू नकोस. तुझ्याजवळ उभं राहून नुसतं बघू दे. दोन-चार शनिवार जाऊ देत. तरीही नाहीच रमला तर जबरदस्ती नको, पुढच्या वर्षी पुन्हा विचार. पण तुझ्या भीतीपायी त्याला घरी बसवू नकोस. या शनिवारी ने त्याला, आणि रात्री मला फोन कर.