डीजे नको, मुलांना चेंडू द्या

प्रश्न : आमचं मंडळ हदगावात फुटबॉल स्पर्धा घेतं. मोठी माणसं रमतात, मुलं मात्र अर्ध्या तासात निघून जातात. डीजे आणि बक्षिसांची सोडत ठेवली तर थांबतील का?
– एक वाचक, हदगाव

उत्तर : काळजी करू नका, मुलांना फुटबॉलचा कंटाळा आलेला नाही, नुसतं बसून राहण्याचा आलाय. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा फुटबॉल संघ उतरतो तेव्हा पोरंसोरं सोडतीसाठी येत नाहीत. संघ आपल्या पेठेचा असतो, म्हणून येतात. तुम्हीही संघ गल्लीशी, शाळेशी जोडा. झेंडे मुलांनीच रंगवावेत, हलगीच्या तालावर घोषणाही त्यांनीच द्याव्यात. नियमानुसार मध्यंतर जास्तीत जास्त १५ मिनिटांचं असतं. तेवढ्यात पाच-पाच जणांचे छोटे सामने सहज होतात. मैदान खराब होईल, अशी हरकत कुणीतरी घेईलच. गोलसमोरची जागा सोडून कडेला खेळवा, म्हणजे ती हरकत उरणार नाही.

ईर्ष्येतून हुल्लडबाजी होते, हा आक्षेप मात्र खरा आहे. कोल्हापूरनेही ती पाहिली आहे. म्हणून घोषणा स्वतःच्या संघासाठीच द्यायच्या, हे आधीच ठरवा. डीजेचं म्हणाल, तर ध्वनिवर्धकाला परवानगी लागते आणि शाळा-दवाखान्यांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. तो पैसा मांडवाच्या सावलीवर आणि पिण्याच्या पाण्यावर खर्च करा. उन्हाळ्यात सामना पाचच्या आधी सुरूच करू नका.