बर्फावरील नृत्य व त्याचें गुणदान

गेल्या वर्षीं मधल्या सुटींत नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्यानें घरीं वडिलांच्या फोनवर २०१४ सालच्या सोची येथील हिवाळी ऑलिंपिक सामन्यांची चित्रफीत पाहिली होती. जपानचा १९ वर्षांचा खेळाडू युझुरु हान्यू हा अखेरच्या दिवशीं बर्फावर नाचतांना दोन वेळां पडला, आणि तरीही सुवर्णपदक त्यालाच मिळालें. विद्यार्थ्याचा प्रश्न सरळ होता. "सर, पेपरांत चूक झाली कीं आपण आमचे गुण कापतां. मग दोनदां पडलेला मनुष्य पहिला कसा?"

मला त्या वेळीं समर्पक उत्तर देतां आलें नाहीं. बर्फाचें मैदान मीं स्वतः कधीं पाहिलेलें नाहीं. आपल्या देशांत सिमला येथें १९२० सालीं स्केटिंगचें मैदान सुरू झालें. परंतु आपल्याकडील बहुतेक मुलांना ठाऊक आहे तें चाकांचें स्केटिंग. तरीही प्रश्न मनांत राहिला, म्हणून ह्या खेळाचा थोडा अभ्यास केला. तो विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडेल अशा आशेनें येथें मांडीत आहें.

पात्याच्या दोन धारा

फिगर स्केटिंगमध्यें बुटाच्या तळाशीं पोलादी पातें बसविलेलें असतें. त्याची रुंदी सुमारें ४ मिलिमीटर असते. खालच्या बाजूस तें मधोमध किंचित् पोखरलेलें असल्यामुळें त्याला दोन धारा होतात. एक पायाच्या आंतील बाजूची व दुसरी बाहेरील बाजूची. पात्याच्या टोंकाशीं करवतीसारखे दांते असतात. ते कांहीं उड्या मारतांना बर्फांत रोंवावयाचे असतात.

ह्या खेळाचें सारें रहस्य धारेंत आहे. शरीर एका बाजूस झुकवून एकाच धारेवर उभें राहिलें, म्हणजे बर्फावर वक्र रेषा उमटते. पुढें जातांना दोन धारा, मागें जातांना दोन धारा. म्हणजे प्रत्येक पायाच्या चार व दोन्ही पायांच्या मिळून आठ तऱ्हा झाल्या. मूळाक्षरांवांचून जसें वाचन नाहीं, तसें ह्या आठ तऱ्हांवांचून स्केटिंग नाहीं.

अभ्यासाचा क्रम

नव्या मुलाला प्रथम शिकवितात तें पडणें. गुडघे वाकवून एका कुशीवर कसें पडावें, इतरांच्या पात्याखालीं सांपडूं नयेत म्हणून बोटें मुठींत कशीं घ्यावीं, आणि पुन्हां कसें उठावें, हा पहिला धडा होय. त्यानंतर सरळ चालणें, मग धारा, मग एका पायावर वळणें, मग अर्ध्या फेरीची लहान उडी, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. पुष्कळसा अभ्यास बर्फाबाहेर जमिनीवर होतो. तेथें उड्यांचा सराव, पाय व पाठ बळकट करणारे व्यायाम, आणि बॅले नृत्याचें शिक्षण चालतें.

मुख्य उड्या सहा आहेत. टो लूप, फ्लिप व लुट्झ ह्या तीन उड्यांत टोंकाचे दांते बर्फांत रोंवून उडावयाचें असतें. सालकोव्ह, लूप व ॲक्सल ह्या तिहींत केवळ धारेवरून. सालकोव्ह हें नांव स्वीडनच्या उलरिच सालकोव्ह ह्यांच्यावरून पडलें. त्यांनीं दहा वेळां जगज्जेतेपद मिळविलें. ॲक्सल ही उडी नॉर्वेच्या ॲक्सल पॉलसन ह्यांनीं १८८२ सालीं व्हिएन्ना येथें करून दाखविली. बाकीच्या पांच उड्या मागें सरकत असतांना घेतात, ॲक्सल मात्र समोर तोंड करून. उतरावयाचें सर्वांना मागेंच. म्हणून ॲक्सलमध्यें नेहमीं अर्धी फेरी जास्त होते. तिहेरी ॲक्सल म्हणजे वास्तविक साडेतीन फेऱ्या.

उडी मारलेला मनुष्य हवेंत एक सेकंदभरही राहत नाहीं. तेवढ्यांत तीन किंवा चार फेऱ्या कशा होतात? पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं ह्याचें उत्तर द्यावें. फिरणाऱ्या वस्तूचें वस्तुमान अक्षाच्या जवळ आलें कीं तिचा फिरण्याचा वेग वाढतो. म्हणून खेळाडू उडतांच हात छातीशीं ओढून घेतो व पाय जुळवितो. उतरतांना हात पसरतो, तेव्हां वेग कमी होतो. उतरतेवेळीं एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे.

जुनी गुणदान-पद्धति

ह्या खेळाची आंतरराष्ट्रीय संस्था १८९२ सालीं स्थापन झाली व पहिला जागतिक सामना १८९६ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें झाला. स्त्रियांनीं भाग घेऊं नये असा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, कारण त्या येतील असें कोणाच्या मनांतच आलें नव्हतें. १९०२ सालीं लंडन येथें मॅज सायर्स नांवाच्या इंग्रज बाईंनीं आपलें नांव दिलें आणि पुरुषांच्या बरोबरीनें उतरून दुसरा क्रमांक मिळविला. पहिले आले ते वर सांगितलेले सालकोव्ह. पुढें १९०६ पासून स्त्रियांचा निराळा सामना भरूं लागला, व पहिली दोन्ही वर्षें त्यांत सायर्सबाईच विजयी झाल्या.

त्या काळीं बर्फावर आठाच्या आंकड्यासारख्या आकृति काढून दाखवाव्या लागत. खेळाडू तीच रेषा पुन्हां पुन्हां गिरवीत असे आणि परीक्षक ओणवे होऊन ती तपाशीत. ह्या आकृतींना फार गुण असत. १९७२ सालीं सप्पोरो येथें ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शुबा ह्या मुक्त नृत्यांत सातव्या आल्या, तरी आकृतींच्या बळावर सुवर्णपदक त्यांना मिळालें. मुक्त नृत्यांत पहिल्या आलेल्या अमेरिकेच्या जॅनेट लिन ह्यांना कांस्यपदकावर समाधान मानावें लागलें. प्रेक्षकांना हें कोडें उलगडेना. पुढें आकृतींचें महत्त्व कमी होत गेलें, व १९९० नंतर जागतिक सामन्यांतून त्या अजीबात गेल्या.

गुण ६ पैकीं देत. १९८४ सालीं साराजेव्हो येथें इंग्लंडच्या टॉर्विल व डीन ह्या जोडीला मुक्त नृत्यांत बारा वेळां पूर्ण ६ गुण मिळाले. परंतु ह्या गुणांचा उपयोग केवळ क्रम लावण्यापुरता होता. प्रत्येक परीक्षक आपल्या मनाशीं पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लावी, आणि बहुमतानें निकाल ठरे. पुढें कोणी अधिक चांगला येईल ह्या धास्तीनें आरंभीं नाचणाऱ्यांना हात राखून गुण देण्याकडे परीक्षकांचा कल होई.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. निबंधाच्या वह्या तपासतांना मींही हेंच केलें आहे. गठ्ठ्यांतील पहिल्या चार वह्यांना हात आंखडून गुण द्यावे, आणि विसावी वही वाचतांना पहिलीवर अन्याय झाला असें ध्यानांत यावें, असा अनुभव पुष्कळ शिक्षकांना असेल. पहिली वही ज्याची होती, त्या मुलाला मात्र हें कधींच कळत नाहीं.

नवी पद्धति

२००२ सालीं सॉल्ट लेक सिटी येथें जोडीनृत्याचा निकाल ५ विरुद्ध ४ मतांनीं रशियन जोडीच्या बाजूनें लागला. लौकरच एका परीक्षकावर दडपण आल्याची गोष्ट बाहेर पडली, आणि कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावें लागलें. ह्या प्रकरणानें खेळाची मोठी नाचक्की झाली, आणि २००४ सालीं संस्थेनें ६ गुणांची रीत सोडून नवी पद्धति स्वीकारली.

नव्या पद्धतींत काम वांटून दिलेलें आहे. एक तांत्रिक मंडळ असतें. खेळाडूनें कोणती उडी किंवा गिरकी केली, फेऱ्या पूर्ण झाल्या कीं नाहीं, धार बरोबर होती कीं नाहीं, एवढेंच तें ठरवितें. प्रत्येक कृतीचें मूळ मोल कोष्टकांत आधींच छापलेलें असतें. २०२२ सालच्या कोष्टकांत तिहेरी सालकोव्हला ४.३०, तिहेरी लुट्झला ५.९०, तिहेरी ॲक्सलला ८.०० व चौपट ॲक्सलला १२.५० असे गुण होते. ही शेवटची उडी अमेरिकेच्या इलिया मालिनिन ह्यांनीं त्याच वर्षीं स्पर्धेंत प्रथम यशस्वी करून दाखविली.

परीक्षकांचें मंडळ निराळें असतें. मोठ्या सामन्यांत ते नऊ असतात. ती कृति कितपत चांगली झाली, ह्याची श्रेणी ते देतात. २०१८ पासून ही श्रेणी उणे ५ पासून अधिक ५ पर्यंत आहे, व प्रत्येक पायरी मूळ मोलाच्या दहाव्या भागाइतकी धरतात. सर्वांत मोठी व सर्वांत लहान अशा दोन श्रेणी वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात. म्हणजे एकानें पक्षपात केला, तरी त्याचा परिणाम मर्यादित राहतो. ह्याशिवाय रचना, सादरीकरण व स्केटिंगचें कौशल्य ह्यांना १० पैकीं निराळे गुण मिळतात. कोणत्या परीक्षकानें किती गुण दिले हें आरंभीं गुप्त ठेवीत. २०१६ सालीं तें उघड करण्याचें ठरलें. न्याय करणाऱ्याचें नांव न्यायाखालीं असावें, हें योग्यच झालें.

एक उदाहरण घेऊं. तिहेरी लुट्झचें मोल ५.९०. नऊ परीक्षकांनीं १, २, २, २, ३, ३, १, २, ४ अशा श्रेणी दिल्या. ४ हा आंकडा व एक १ वगळला, तर सातांची बेरीज १५ व सरासरी २.१४ येते. एका पायरीचें मोल ०.५९, म्हणून १.२६ गुण अधिक मिळाले, व एकूण झाले ७.१६.

आतां समजा, फेऱ्या पूर्ण झाल्या परंतु उतरतांना खेळाडू पडला. सर्वांनीं उणे ५ दिले, तर ५.९० चे निम्मे, म्हणजे २.९५ उरतात; पडल्याबद्दल आणखी १ गुण वजा होऊन १.९५ राहतात. दुहेरी लुट्झचें मोल २.१० आहे. म्हणजे न पडतां केलेली साधी दुहेरी उडी पडलेल्या तिहेरीपेक्षां बरी! फेऱ्याच अपुऱ्या राहिल्या तर नुकसान याहूनही अधिक होतें.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर

मग हान्यू पहिला कसा आला? सामना दोन दिवसांचा होता. पहिल्या दिवशीं त्याला १०१.४५ गुण मिळाले, आणि कॅनडाच्या पॅट्रिक चॅन ह्यांना ९७.५२. दुसऱ्या दिवशीं हान्यू पडला हें खरें, व त्याचे गुण कापलेही गेले. परंतु चॅन ह्यांच्याही उड्या बिघडल्या. त्या दिवशींचे गुण १७८.६४ व १७८.१० असे झाले. एकूण २८०.०९ विरुद्ध २७५.६२. म्हणजे ४.४७ गुणांच्या आघाडीपैकीं ३.९३ गुण पहिल्या दिवशींच्या निर्दोष कामाचे होते. आपण चित्रफितींत पाहिलें तें पडणें. गुणपत्रिकेनें मोजलें तें सर्व काम. चुकीचा दंड झाला, परंतु चुकीनें बाकीचें सर्व पुसून टाकलें नाहीं.

पालकांस दोन शब्द

जेथें गुण आहेत, तेथें लोभही आहे. अवघड उडीला अधिक गुण, आणि लहान व हलकें शरीर चपळाईनें फिरतें. त्यामुळें कोंवळ्या मुलींकडून अतिशय कठीण उड्या करवून घेण्याची चढाओढ लागली. वाढत्या हाडांवर त्याचा काय भार पडत असेल, हें वर सांगितलेंच आहे. अखेर २०२२ सालीं संस्थेनें प्रौढ गटाची किमान वयोमर्यादा १५ वरून टप्प्याटप्प्यानें १७ करण्याचा ठराव केला. आपल्या घरीं बर्फ नाहीं, परंतु गुणपत्रिका आहे. मूल कितवें आलें हें विचारण्यापूर्वीं त्याची झोंप पुरी होते कीं नाहीं, तें खेळतें कीं नाहीं, आणि चूक झाल्यावर तें घरीं येऊन निर्भयपणें सांगतें कीं नाहीं, हें पाहावें.

त्या विद्यार्थ्याला मीं हीं सर्व गणितें दाखविलीं. तो थोडा वेळ आंकड्यांकडे पाहत राहिला व म्हणाला, "म्हणजे सर, पडल्यावर तो लगेच उठला नसता, तर पुढचे गुण मिळालेच नसते." इतक्या नेमक्या शब्दांत मला तें सांगतां आलें नसतें. त्या दिवसापासून निबंध तपासून झाले, म्हणजे मी पहिल्या चार वह्या पुन्हां एकदां उघडून पाहातों.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ॲक्सल उडींत अर्धी फेरी जास्त कां होते?

२. हात छातीशीं घेतल्यानें फिरण्याचा वेग कां वाढतो? फिरत्या खुर्चीवर बसून, शिक्षकांच्या देखरेखीखालीं, प्रयोग करून पाहा.

३. तिहेरी सालकोव्हला नऊ परीक्षकांनीं ०, १, १, २, २, २, २, ३ व उणे १ अशा श्रेणी दिल्या. एकूण गुण किती? (उत्तर : ४.९१)

४. सर्वांत मोठी व सर्वांत लहान श्रेणी वगळण्यांत कोणता न्याय आहे? शाळेच्या परीक्षेंत अशी सोय करतां येईल काय? घरीं वडीलधाऱ्यांशीं चर्चा करून दहा ओळी लिहा.