घटारानीचे कुंड : पाण्यात उतरण्यापूर्वीचा पाठ



रायपूरहून अभनपूर, राजिम आणि पांडुका या वाटेने निघाले की सुमारे ८० किलोमीटरवर, गरियाबंद जिल्ह्याच्या जंगलात घटारानीचा धबधबा लागतो. बस्तरच्या चित्रकोट आणि तीरथगड धबधब्यांची नावे देशभर ठाऊक आहेत. घटारानीचे नाव मात्र या भागाबाहेर क्वचितच ऐकू येते. देवीचे मंदिर, शेजारी खडकावरून उतरणारे पाणी आणि खाली साठलेले कुंड असे हे ठिकाण आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत सुटीच्या दिवशी लोक येथे दर्शनाला येतात, डबे उघडतात आणि पुष्कळ जण पाण्यातही उतरतात.

आपल्यापैकी अनेक जण तरणतलावात ५० मीटर सहज पोहतात. त्यामुळे अशा जागी गेल्यावर ‘मला पोहता येते’ हा विचार सर्वांत आधी मनात येतो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. तलावात पोहता येणे ही एक विद्या आणि जंगलातल्या कुंडात उतरावे की नाही हे ठरवता येणे ही दुसरी. या पाठात आपण दुसरी विद्या पाहू.

जागा समजून घ्या

छत्तीसगढचे जंगल मुख्यतः पानझडीचे आहे. रायपूरच्या परिसरात वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणून जो ओढा मे महिन्यात धारेएवढा उरतो, तोच ऑगस्टमध्ये कानठळ्या बसवतो. तरणतलावाच्या काठावर खोलीचा आकडा रंगवलेला असतो. कुंडाला असा कायमचा आकडा नसतो.

कुंडाचा तळही सपाट नसतो. उंचावरून पडणारे पाणी आणि त्यात गरगर फिरणारे दगडगोटे खडक कोरत राहतात. कुकडी नदीवरच्या निघोजचे रांजणखळगे अनेकांनी पाहिले असतील. तसे खळगे पाण्याखाली असले तर दिसत नाहीत आणि त्यांत पाय अडकू शकतो. शिवाय प्रत्येक पुरानंतर तळ बदलतो. नवे धोंडे येतात, झाडाची खोडे अडकतात. ‘गेल्या वर्षी आम्ही इथूनच उडी मारली होती’ हा यंदाच्या खोलीचा पुरावा होत नाही.

छत्तीसगढी बोलीत नदीतल्या खोल डोहाला ‘दहरा’ म्हणतात. आपल्याकडे ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ अशी म्हण आहे. ती माणसांविषयी वापरली जात असली तरी पाण्याविषयीही खरी आहे. जेथे पाणी वाजते तेथे खाली दगड आहेत. जेथे ते गप्प आणि गडद दिसते तेथे खोली आहे. आणि गप्प पाणी म्हणजे सुरक्षित पाणी असेही नाही. बस्तरच्या कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानात कांगेर नदीचा ‘भैंसा दरहा’ नावाचा शांत, सुंदर डोह आहे. तो मगरींचे घर आहे. म्हणून कोणत्याही अनोळखी डोहाविषयी पहिली चौकशी गावकऱ्यांकडे करावी. तिथे कोण बुडाले, कुठे खोल आहे, गुरे कुठे उतरवतात आणि कुठे उतरवत नाहीत, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते.

पाण्याचे गणित

वर्गात शिकलेले भौतिकशास्त्र इथे उपयोगी पडते. चार गोष्टी पाहू.

पहिली, वेग. कमरेपर्यंत पाण्यात उभ्या माणसाचा सुमारे ०.३ चौरस मीटर भाग प्रवाहासमोर येतो. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर, म्हणजे रमतगमत चालण्याइतका असेल, तर त्याच्यावर साधारण १५ किलो वजनाइतका रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे सुमारे ६० किलो. त्यातच पाण्यामुळे शरीर हलके झालेले असते आणि पायाखाली शेवाळ असते, म्हणून पाय टिकत नाही. ५० मीटर अंतर ५० सेकंदांत पोहणाऱ्या छात्राचा वेगही सेकंदाला १ मीटरच आहे. त्याहून जोरात ओढणाऱ्या प्रवाहाविरुद्ध तो कितीही हात मारो, मागेच जाणार. अशा वेळी पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने ठेवून पाठीवर तरंगावे आणि तिरपे काठाकडे सरकत जावे.

दुसरी, फेस. धबधब्याखालचे पांढरे पाणी म्हणजे पाणी आणि हवा यांचे मिश्रण. त्यात १० टक्के हवा मिसळली तर एका घनमीटरचे वजन १००० किलोऐवजी ९०० किलो भरते. छाती भरून श्वास घेतलेले माणसाचे शरीर पाण्यापेक्षा किंचितच हलके असते, म्हणून ते तरंगते. फेसाळ पाण्यापेक्षा मात्र ते जड ठरते आणि खाली जाते. शिवाय पडणारी धार तळाशी जाऊन थोड्या अंतरावर वर येते आणि त्यातले काही पाणी पुन्हा धारेकडे परततो, तसे तरंगणाऱ्यालाही ते धारेखाली ओढते. धारेखाली उभे राहून छायाचित्र काढण्याची हौस इथेच अंगलट येते.

तिसरी, खोली. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वरून पाहताना स्वच्छ पाणी खऱ्या खोलीच्या सुमारे तीन चतुर्थांशच खोल दिसते. जे पाणी १.२ मीटर, म्हणजे छातीइतके वाटते, ते प्रत्यक्षात १.६ मीटर असते. ते बऱ्याच छात्रांच्या नाकातोंडाशी येईल. डोळ्यावर विसंबू नका, लांब काठीने खोली मोजा. पाणी गढूळ असेल तर तळाचा दगड दिसतच नाही, म्हणून अनोळखी पाण्यात डोके पुढे करून सूर कधीही मारू नये. मानेच्या मणक्याला इजा झाली तर हातपाय कायमचे निकामी होऊ शकतात.

चौथी, पाणलोट. कुंडावर ऊन असले तरी वरच्या डोंगरात पाऊस पडत असू शकतो. १० चौरस किलोमीटरच्या पाणलोटात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते ५० कोटी लिटर पाणी होते. त्यातले निम्मे जमिनीत मुरले तरी २५ कोटी लिटर ओढ्याकडे धावते. ऑलिंपिक आकाराच्या तलावात सुमारे २५ लाख लिटर पाणी मावते. म्हणजे असे शंभर तलाव एका अरुंद घळीतून खाली येतात.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात उभ्या असलेल्या एका कुटुंबातील पाच जण अचानक वाढलेल्या पाण्यात वाहून गेले. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात लारजी धरणातून सोडलेले पाणी बियास नदीत आले आणि हैदराबादहून सहलीला आलेले २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. तेथे पाऊसही पडत नव्हता. दोन्ही ठिकाणी पाण्याजवळ येताना ते धोक्याचे वाटले नव्हते.

टेहळणी आधी, पाणी नंतर

शत्रूच्या मुलखात कोणतीही तुकडी टेहळणीशिवाय शिरत नाही. पाण्याबाबत तीच शिस्त ठेवावी.

१. पोहोचल्याबरोबर कपडे बदलू नका. दहा मिनिटे काठावर थांबा आणि पाहा. वाळके पान पाण्यात टाका. ते कुठे जाते, कुठे गरगरते, कुठे दिसेनासे होते ते पाहा.

२. पाण्याच्या कडेला खडकावर एक खूण ठरवा आणि तिच्यावर नजर ठेवायला एक छात्र नेमा. खूण बुडू लागली, पाणी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा वरून आवाज वाढला, तर शिट्टी वाजवा. सर्वांनी लगेच बाहेर पडून उंच जागी जावे. सामान आवरायला थांबू नये.

३. बाहेर पडण्याची जागा आत शिरण्याआधी ठरवा. निसरड्या खडकावरून उतरणे सोपे असते, चढणे कठीण.

४. जोड्या करा. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हिशेब ठेवावा आणि ठरावीक वेळाने मोजणी घ्यावी.

५. कुंडाच्या खालच्या बाजूला, संथ आणि कमरेपेक्षा कमी पाण्यातच थांबावे. धारेखाली, खडकाच्या कपारीत आणि खालच्या टप्प्याच्या तोंडाशी जाऊ नये.

६. प्रशासनाने बंदी घातली असेल तर प्रश्न तिथेच संपला. रायगड जिल्ह्यातल्या देवकुंड धबधब्यावर पावसाळ्यात अशी बंदी घातली जाते.

बुडणाऱ्याला वाचवताना

चित्रपटात बुडणारा माणूस ओरडतो आणि हात हलवतो. प्रत्यक्षात तो बहुधा गप्प असतो. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी असते, डोके मागे झुकलेले असते आणि हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असतात. श्वासच पुरत नसताना हाक कुठून मारणार?

त्याला पाहून लगेच उडी मारणे हे धाडस असेल, पण बहुतेक वेळा त्यामुळे एकाऐवजी दोघे बुडतात. क्रम लक्षात ठेवा. आधी ओरडून धीर द्या आणि इतरांना बोलवा. मग काठावर आडवे पडून काठी, फांदी किंवा ओढणी पुढे करा. ती पोहोचत नसेल तर दोर फेका. दोराच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन बांधलेला असावा. तो साधारण पाच किलो वजन तोलून धरतो आणि डोके पाण्यावर ठेवायला तेवढे पुरते. सहलीला निघताना असा एक कॅन आणि २० मीटर दोर बरोबर असलाच पाहिजे. पाण्यात उतरणे हा शेवटचा मार्ग आहे आणि तो जीवरक्षणाचे प्रशिक्षण घेतलेल्यासाठीच आहे.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटे लटकवू नका, पोटही दाबू नका. त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातले पाणी फुप्फुसात जाऊ शकते. एकाने ११२ वर फोन करावा. दुसऱ्याने आधी तोंडाने श्वास द्यावा, कारण बुडालेल्याला सर्वांत आधी प्राणवायू हवा असतो. मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. हा सराव शाळेत पुतळ्यावर प्रत्येकाने केलेला असावा.

पालक आणि प्रशिक्षकांसाठी

मुलांना पाण्यापासून दूर ठेवून हा प्रश्न सुटत नाही. पोहता न येणारा मुलगाही मित्रांबरोबर कुंडावर जातोच. त्याला पोहायला शिकवा आणि ‘आज उतरायचे नाही’ असे म्हणायलाही शिकवा. मित्रांसमोर माघार घेणे सोळाव्या वर्षी फार जड जाते. म्हणून जो छात्र धोका ओळखून तुकडीला मागे फिरवतो, त्याची भित्रा म्हणून थट्टा होऊ देऊ नका. त्याने नेतृत्वाचा निर्णय घेतलेला असतो. २५ जुलै हा जागतिक बुडणे प्रतिबंध दिन आहे आणि तो नेमका आपल्या पावसाळ्यात येतो. त्या दिवशी शाळेत दोर फेकण्याचा सराव ठेवता येईल.

स्वाध्याय

१. प्रवाहाचा वेग सेकंदाला ३ मीटर झाला तर वर दिलेल्या उदाहरणातील रेटा किती होईल?

२. वरून १.५ मीटर खोल दिसणारे स्वच्छ पाणी प्रत्यक्षात किती खोल असेल?

३. तुमच्या गावाजवळच्या एखाद्या डोहाविषयी तिथल्या दोन वडीलधाऱ्या माणसांकडून माहिती घ्या आणि धोक्याच्या जागा दाखवणारा नकाशा काढा.

४. दहा छात्रांची तुकडी घटारानीला जाणार आहे. शिट्टी, दोर, मोजणी आणि खुणेवरची नजर या जबाबदाऱ्या कोणाकडे द्याल आणि का, ते लिहा.