भाचेबुवा, बांधावर पायी जा

गावानं नाल्यावरच्या मातीच्या बांधाची राखण तुझ्यावर सोपवली हे कळलं आणि फार बरं वाटलं. तू मोबाईलवर ढगांचे नकाशे बघणारा हुशार गडी आहेस, पण बांधाचं दुखणं पायी फिरणाऱ्यालाच सापडतं. गोमाई, वाकी, सुसरी सातपुड्यातून ज्या उतारानं येतात तिथं पुराला यायला वेळ लागत नाही. वर डोंगरात कोसळत असतं आणि इकडे शहाद्याला ऊन असतं. म्हणून थोडं सांगून ठेवतो.

१. आखाजी झाली की पहिली फेरी मार आणि मृगाच्या आत डागडुजी संपव — चिखल झालेली माती कितीही धुमसली तरी घट्ट बसत नाही.

२. सांडव्याला हात लावू नको आणि कुणाला लावू देऊ नको. रब्बीला एखादं पाणी जास्त मिळावं म्हणून सांडव्यावर मातीची पोती रचणारे आपलेच लोक असतात, मनानं वाईट नसतात. त्यांना ओट्यावर बसव, चहा पाज आणि समजाव — मातीच्या माथ्यावरून पाणी गेलं की ते गावाकडचा उतार खरवडत सुटतं, मग भराव वाहून जायला फार वेळ लागत नाही. मासे धरायचं जाळंही तिथं नको, त्यात पाला-फांद्या अडकून वाट बंद होते. सांडवा बुजला, गाव भिजला.

३. पूर अडवायचा असेल तर तळ्यात जागा मोकळी हवी. विमोचकाची झडप पावसाळ्याआधी उघडझाप करून बघ, जून-जुलैत पाणी हळूहळू सोडत राहा आणि साठवणीचा विचार पोळ्यानंतर कर — भरलेल्या तळ्याला पुढचा लोंढा सामावत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली नदीचं पाणी नवापुरात घुसलं, तेव्हा निम्मा पावसाळा सरला होता. जमीन पोटभर प्यालेली असली की पडलेलं सगळं पाणी नाल्यालाच येतं.

४. गवंड्याची पारदर्शक पाणनळी घे, जोडीला एकजण घे आणि माथ्याची पातळी टोकापासून टोकापर्यंत तपास — गाडीवाट किंवा गुरांची पायवाट जिथं माथा दाबते, पाणी पहिल्यांदा तिथूनच उलटतं.

५. माथ्यावर काळी माती उघडी दिसली तर तिच्यावर मुरूम पसर — काळी माती पोटात पाणी छान अडवते, पण वैशाखाच्या उन्हात फाटते. पाण्याकडून गावाकडे जाणारी भेग दिसली तर ती वरवर लिंपू नको. तळापर्यंत उकर, थोडी ओलसर माती थराथरानं भर आणि धुम्मसनं ठोक.

६. हराळी जपायची, बाभळीचं रोप मात्र बोटाएवढं असतानाच उपटायचं — झाड मेल्यावर मुळं कुजतात आणि बांधाच्या पोटात पाण्याला नळ्या तयार होतात. मोठं झालेलं झाड आपल्या मनानं उखडू नको, आधी इंजिनिअरला दाखव.

७. घुशी-खेकड्यांची बिळं नुसत्या दगडानं बंद करू नको, खणून मातीनं ठोकून भर — दगडामागचं बीळ तसंच राहतं.

८. आता सगळ्यात महत्त्वाचं. बांधाच्या गावाकडच्या पायथ्याला थोडा पाझर असणारच, त्यानं घाबरू नको. पण तळं भरलेलं असताना ते पाणी रोज काचेच्या ग्लासात धरून बघ — नितळ असेल तर नुसतं पाणी येतंय, गढूळ असेल तर बांधाची माती येतेय. धार रोज वाढत असेल, उतारावर नवी ओल दिसत असेल तर त्याच दिवशी कळव. गढूळ झरा वरून चिखलानं बंद करायचा मोह होईल, तो आवर. आधी वाळू, तिच्यावर खडी, वर दगड असं वजन ठेव — पाण्याला बाहेर पडू द्यायचं आणि मातीला अडवायचं. कोंडलेला झरा शेजारून फुटतो. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण मातीचंच होतं. गावकऱ्यांनी गळती आधी पाहिली होती, आणि २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं. झोपलेल्या वस्तीवर पाणी आलं, रे. म्हणून तोंडी सांगून थांबू नको. जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाला लेखी अर्ज दे, पोच घे, आठ दिवसांनी पुन्हा जा.

९. विमोचकाचा पाईप बांधातून जातो त्या जागेवर जास्त वेळ थांब — पाईपाला लागून माती नीट दबत नाही, पाणी ती फट शोधतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हाही दुखणं विमोचकाच्या मोरीपाशीच होतं.

१०. गाळ काढायला जेसीबी आला की स्वतः हजर राहा, बांधाच्या पायथ्याजवळ खणू देऊ नको — पायथा उकरला की वरचा उतार घसरतो.

११. हवामान खात्यानं ‘अतिवृष्टी’ म्हटलं तर ते चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पावसाचं बोलणं असतं; त्या रात्री दोघांनी मिळून जागायचं, बॅटरी चार्ज करून ठेवायची. माथ्यावर तडा किंवा गढूळ लोंढा दिसला तर आधी खालच्या वस्तीला उठव, पोलीस पाटलाला सांग, १०७७ ला फोन लाव, मग फावडं हातात घे — माणसं उंचावर गेली की भराव पुन्हा घालता येतो.

१२. पूर ओसरल्यावर घरी झोपायला जाऊ नको, एक फेरी अजून आहे — पाणी झपाट्यानं उतरलं की तळ्याकडचा भिजलेला उतार घसरतो, दगडी पिचिंग सरकतं.

१३. हे सगळं वहीत तारखेनिशी लिही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरांहून उंच धरणांना आहे, १० ते १५ मीटरवाल्यांना काही अटींवर. आपला बांध त्याहून बुटका — त्याची तपासणी म्हणजे तुझी वहीच. यंदाची पहिली फेरी झाली की भेगांचे फोटो मला पाठव, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे रुंदी कळेल.