लेखनिकाचे काम : साहित्य मंडळातील एक अनुभव आणि अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी जूनमध्ये मी या महाविद्यालयात प्रवेश घेतला, तेव्हा ‘साहित्य मंडळ’ हा शब्द प्रथमच कानावर पडला. आमच्या घरात छापील म्हणता येतील अशा तीनच वस्तू होत्या : भिंतीवरची दिनदर्शिका, रेशनचे कार्ड आणि माझी पाठ्यपुस्तके. वडील यंत्रमागावर जातात, आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते. घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. एके दिवशी मराठीच्या सरांनी तासाला सांगितले, “दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सार्वजनिक वाचनालयात साहित्य मंडळाची बैठक असते. ज्यांना सतरंज्या अंथरण्याची लाज वाटत नाही, त्यांनी यावे.” मी गेलो. माझ्या वहीत अकरा कविता होत्या आणि मी कवी म्हणूनच गेलो होतो, हे आज कबूल करतो. त्या अकरांपैकी एकही कविता मंडळात अजून वाचली गेलेली नाही. परंतु मंडळाने मला दुसरे एक काम दिले आणि ते करताना माझ्या हातून एक चूक झाली. त्या चुकीने जे शिकवले ते आपल्यासारख्या सहाध्यायांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मंडळांची परंपरा

साहित्यिकांनी एकत्र येण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. पुढे १९०६ साली महाराष्ट्र साहित्य परिषद, १९२३ साली विदर्भ साहित्य संघ आणि १९४३ साली मराठवाडा साहित्य परिषद अशा संस्था निघाल्या. मोठ्या संस्थांचा हा इतिहास आपल्या अभ्यासक्रमात कोठे ना कोठे येतोच.

मला अधिक जवळची वाटतात ती गावपातळीवरची मंडळे. आपल्याच सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी औदुंबर येथे कवी सुधांशु आणि म. भा. भोसले यांनी १९३९ साली सदानंद साहित्य मंडळ सुरू केले. दत्तक्षेत्र म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या लहानशा गावी मकरसंक्रांतीला साहित्य संमेलन भरवण्याची रीत पडली आणि महाराष्ट्रातील नामवंत साहित्यिक तेथे येऊन गेले. मोठे शहर, मोठे सभागृह आणि मोठा निधी यांवाचूनही साहित्याचे काम उभे राहते, हे औदुंबरने दाखवून दिले. आमच्या तालुक्यातील मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या तोंडी औदुंबरचे नाव वारंवार येते ते त्यामुळेच.

परंतु या परंपरेला दुसरी बाजूही आहे. १८८५ साली ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले असता महात्मा फुले यांनी ते स्वीकारले नाही. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचा विचार नाही तिच्याशी आपला मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातील वाटेगावचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले, असे सांगतात. या दोन घटना वाचल्यापासून कोणत्याही साहित्यिक बैठकीत गेलो की माझ्या मनात एक प्रश्न येतो : या सतरंजीवर कोण बसले आहे, आणि कोण अजून दाराबाहेर उभे आहे?

मंडळ चालते कसे?

आमच्या मंडळात वीस-पंचवीस माणसे येतात. निवृत्त शिक्षक, एस. टी.चे एक वाहक, एक शिंपी, दोन-तीन शेतकरी, एक परिचारिका आणि आम्ही काही विद्यार्थी. बैठकीत आधी मागील बैठकीचे इतिवृत्त वाचले जाते. मग एखाद्या पुस्तकावर कोणीतरी बोलतो, त्यानंतर कथा-कवितांचे वाचन आणि चर्चा होते. जूनमध्ये एक व्याख्यान, दिवाळीनंतर हस्तलिखित अंक आणि २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम असा वर्षाचा क्रम असतो.

व्यासपीठावर दिसते ते एवढेच. त्यामागे सूचना पाठवणे, खुर्च्या मांडणे, ध्वनिक्षेपक आणणे, चहाचा हिशेब ठेवणे, पाहुण्यांना स्थानकावरून आणणे आणि शेवटी वाचनालयाची किल्ली वेळेवर परत देणे ही कामे असतात. सूचना आता भ्रमणध्वनीवरून जातात, तरी दोन वृद्ध सभासदांच्या घरी मी अजून जातीने जाऊन सांगतो. हिशेब ठेवताना एक गोष्ट ध्यानात आली. गेल्या वर्षी शाल-श्रीफळावर झालेला खर्च पुस्तकांवरील खर्चाहून जास्त होता. हे मी वार्षिक सभेत वाचून दाखवले, तेव्हा काही जण हसले आणि काहींना राग आला. या वर्षी मात्र पाहुण्यांना पुस्तक देण्याचे ठरले आहे.

‘ऐकू आणि लिहू’

मंडळाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपक्रम म्हणजे ‘ऐकू आणि लिहू’. ज्यांना लिहिता येत नाही अशा वृद्धांकडे शनिवारी दुपारी आम्ही दोघे-तिघे स्वयंसेवक जातो. त्यांच्या आठवणी ऐकतो, लिहून घेतो आणि त्यांतील काही हस्तलिखित अंकात घेतो.

माझ्या वाट्याला शेजारच्या वाडीतील एक आजी आल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांनी १९७२ च्या दुष्काळाची हकिकत सांगितली. विहिरी आटल्या, जनावरे विकली, आणि नुकत्याच लग्न होऊन आलेल्या या आजी सासूबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. कामावर सुकडी मिळे. हाताला फोड येत, म्हणून बोटांना चिंध्या बांधत. कडूसं पडायच्या आत ढीग मापात भरला पाहिजे, नाही तर मजुरी कापली जाई. मग बायकांनी एक युक्ती काढली. ढिगाच्या पोटात मोठे धोंडे दडवायचे आणि वरून बारीक खडी पसरायची. मुकादम माप घेऊन पुढे गेला की सगळ्या जणी पदर तोंडाला लावून हसायच्या. हे सांगतानाही आजी हसत होत्या.

मी घरी येऊन मजकूर ‘स्वच्छ’ केला. ‘कडूसं पडलं’ याचे ‘सायंकाळ झाली’ केले. ‘येरवाळी’चे ‘लवकर’, ‘म्होरं’चे ‘पुढे’, ‘हुबी ऱ्हायले’चे ‘उभी राहिले’ केले. धोंडे दडवल्याचा प्रसंग गाळला, कारण तो लबाडीचा वाटला. हसणेही गाळले, कारण दुष्काळात हसणे मला शोभेसे वाटेना. त्याऐवजी ‘त्या आठवणीने त्यांच्या डोळ्यांत अश्रू तरळले’ असे एक वाक्य पदरचे घातले. २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात मी तो मजकूर वाचला. टाळ्या पडल्या. एका पाहुण्यांनी भाषेचे कौतुक केले.

आजी मागच्या ओळीत नातवाबरोबर बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर मी मोठ्या आशेने त्यांच्यापाशी गेलो. त्या म्हणाल्या, “ग्वाड वाचलंस लेकरा. पर त्यात मी कुठं हाय?”

मला उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने त्याच पुढे म्हणाल्या, “खडीच्या कामावर मस्टरवर मुकादम काय लिवायचा ते आमाला कळायचं न्हाई. आमी नुसता आंगठा द्यायचा. तू तसं करू नगंस.”

त्या रात्री मला झोप आली नाही. मी तर तेच केले होते. त्यांनी विश्वासाने सांगितलेले मी माझ्या मर्जीप्रमाणे लिहिले आणि त्यांना एकदाही वाचून न दाखवता लोकांपुढे ठेवले. आणखी एक गोष्ट मनाला लागली. ‘म्होरं’ आणि ‘येरवाळी’ हे माझ्या घरचेच शब्द आहेत. महाविद्यालयात आल्यापासून मी ते जिभेवर येऊ देत नाही. वर्गात एकदा ‘न्हाई’ म्हणालो आणि हशा झाला, तेव्हापासून बोलण्याआधी मनातल्या मनात वाक्य तपासण्याची सवय लागली आहे. आजींच्या तोंडून जे शब्द मी काढून टाकले, ते आधी स्वतःच्या तोंडून काढून टाकले होते.

लिहून घेणाऱ्यांची परंपरा

ही गोष्ट सरांना सांगितली. रागावण्याऐवजी त्यांनी मला ‘मराठी साहित्यातील लेखनिक’ हा विषय अभ्यासाला दिला. शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की आपल्या वाङ्मयाचा पायाच मुळी लिहून घेणाऱ्यांनी घातला आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडून आठवणी गोळा केल्या आणि त्यांतून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. ज्ञानेश्वरांचा लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव घेतले जाते. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून संताजी जगनाडे यांना परंपरा मान देते. संताजी तेली समाजातले होते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अलीकडचे उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचे. १८८० साली जळगावजवळच्या असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या जे रचून म्हणत ते त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि एका आप्ताने टिपून ठेवले. बहिणाबाई १९५१ साली वारल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या. त्या कवितांतील बोली तशीच राहिली, हे आपले भाग्य. सोपानदेव स्वतः कवी होते. माझ्याप्रमाणे त्यांनाही आईची भाषा ‘स्वच्छ’ करण्याचा मोह झाला असता, तर आज आपल्या हाती काय उरले असते?

हेमा राईरकर आणि गी पॉइटेवां यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या गाणाऱ्या बायकांना कोणत्याही मंडळाचे निमंत्रण गेले नव्हते. गोळा करणारेच त्यांच्या दारी गेले.

आता काम कसे करतो?

या अभ्यासानंतर आम्ही स्वयंसेवकांनी काही नियम ठरवले. ते येथे देतो, कारण ज्यांना असे काम करायचे असेल त्यांना ते उपयोगी पडतील.

पहिला नियम : सांगणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही. उच्चार जसा, तसे लेखन करायचे. जो शब्द वाचकाला अडेल, त्याचा अर्थ शेवटी स्वतंत्र द्यायचा.

दुसरा : आपल्या पदरचे काही घालायचे नाही. माणूस रडला नसेल तर त्याला रडवायचे नाही आणि हसला असेल तर ते हसू पुसायचे नाही.

तिसरा : लिहिलेले सर्व त्यांना सावकाश वाचून दाखवायचे. ‘बरोबर आहे’ असे त्यांनी म्हटल्याखेरीज ते कोणापुढे ठेवायचे नाही. हा नियम आजींच्या त्या एका वाक्यातून आला आहे.

चौथा : नाव घालायचे की नाही आणि कसे घालायचे, हे त्यांनीच ठरवायचे. लेखनिकाने आपले नाव खाली, बारीक अक्षरात घालावे.

या नियमांप्रमाणे आजींची हकिकत मी पुन्हा लिहिली. चार शनिवार लागले. ढिगात दडवलेल्या धोंड्यांचा प्रसंग वाचल्यावर मंडळातील एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “असे अंकात येऊ नये, त्यात त्या बाईंचीच नाचक्की आहे.” बराच वाद झाला. शेवटी आजींनाच विचारावे असे ठरले. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे की. आमचं प्वाट भरत न्हवतं, म्हून ढिगाचं फुगवलं.” प्रसंग राहिला आणि त्यांच्या सांगण्यावरून त्यांचे पूर्ण नावही हस्तलिखितात घातले. येथे ते देत नाही, कारण या लेखासाठी त्यांची परवानगी मी घेतलेली नाही.

समारोप

कोणी म्हणेल, यात साहित्य ते काय? हे तर कारकुनाचे काम! मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु दुसऱ्याचे एक वाक्य जसेच्या तसे कागदावर उतरवण्यासाठी किती लक्षपूर्वक ऐकावे लागते, हे प्रत्यक्ष करून पाहिल्यावरच कळते. या कामानंतर मी माझी कवितांची वही पुन्हा उघडली. अकरा कवितांत माझ्या घरातला एकही शब्द सापडला नाही. त्या कविता मंडळात वाचल्या गेल्या नाहीत याचे आता फारसे वाईट वाटत नाही.

आपल्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी खेड्यांतून येतात. प्रत्येकाच्या घरी दुष्काळ पाहिलेले, ऊसतोडीला किंवा गलाईच्या धंद्यात परमुलखाला गेलेले कोणी ना कोणी आहे. टेंभू योजनेचे पाणी आता काही शिवारांत खेळते आहे. त्याआधीचे दिवस ज्यांनी पाहिले ती माणसे मात्र एकेक करून कमी होत आहेत. मराठी विभागाने दर वर्षी अशा पंचवीस हकिकतींचे एक हस्तलिखित ग्रंथालयात ठेवावे, अशी माझी नम्र सूचना आहे. त्यास खर्च वही-पेनाचा, आणि शनिवारच्या दुपारीचा.

सुरुवात मी घरापासून केली आहे. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणे. जाते आता कोपऱ्यात उभे करून ठेवले आहे, पण ओव्या तिला पाठ आहेत. पहिल्या दिवशी वही घेऊन तिच्यापुढे बसलो तेव्हा तिने संशयाने विचारले, “तुझ्या कालिजात आमचं असलं बोलणं चालतं व्हय रं?”

मी तिला खात्रीने उत्तर दिले नाही. हा अंक हाती आला की त्यातले तिच्या बोलण्याचे हे वाक्य तिला वाचून दाखवणार आहे.